चार बोटं

खोकं दोन वर्षं माळ्यावर पडून होतं
पापडाच्या डब्यांमागे, चिकटपट्टीसुद्धा न काढता.
पोराने मागवलेलं, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला,
आईकडून तीन हजार घेऊन, मला न सांगता.
मग नोकरी लागली. आता त्याच्या गाडीला क्लचच नाही.
डावा पाय नुसता बसून असतो, म्हणतो,
पाहुण्यासारखा.

यावलला मे महिन्यात दिवसा
लोखंडाला कोणी हात लावत नाही.
लुकमान तडवी रात्री दहाला शटर वर करतो,
ओल्या गोणपाटाखालून पान्हे काढतो एकेक.
डांगराला मारावी तशी खोक्याला टिचकी मारली त्याने.
"शॉर्ट शिफ्टर? रेस लावू ऱ्हायले का अण्णा, या वयात?"
केळीच्या ट्रकमागे कसली रेस, मी म्हणालो.
खरं कारण मलाही नीट माहीत नव्हतं.

आधी नॉब. एकवीस वर्षांत माझ्या तळव्याने
त्यावरचे आकडे पुसून टाकलेत,
रिव्हर्सचा आर तेवढा शाबूत.
मग कन्सोलचे चार स्क्रू, पाचवा ॲशट्रेखाली लपलेला.
ॲशट्रेत चिंचोके, एक गंजलेली हेअरपिन,
आणि चाराण्याचं नाणं, जे आता कुठेच चालत नाही.

गाडी जॅकवर. लुकमानचे फक्त पाय दिसतात,
आणि आवाज येतो, विहिरीतून आल्यासारखा:
"बुश पाहा, बुश!"
तळहातावर पिवळट भुगा, राजगिऱ्यासारखा.
इतकी वर्षं मी याच्या भरवशावर
तिसऱ्यातून चौथ्यात जात होतो.

जुना दांडा आणि नवा, दोन्ही गोणपाटावर शेजारी शेजारी.
उंची जवळजवळ सारखीच.
फक्त गोळा दोन इंच वर सरकलेला.
"पहारीखालचा दगड हाताकडे सरकवला तर काय होतं अण्णा?
हात कमी फिरतो. पण जोर जास्त लागतो.
फुकट काहीच नाही यात."
आणि मी तर उलट समजत होतो.
उजवं-डावं कुठलंही असो,
या वयात खांद्याला सोपं पडेल म्हणून आलो होतो.
"मग बसवू का नको?"
बसव, मी म्हणालो. खोकं उघडलंय आता.

सर्क्लिप उडाली.
अर्ध्या तासाने सापडली
लुकमानच्याच पँटच्या दुमडीत.
ग्रीस, नवा बुश, रबराचं बूट, नट आवळताना एक शिवी.
शेवटी एक वॉशर उरला.
त्याने तो दिव्यापुढे धरून पाहिला, माझ्या खिशात टाकला.
"एक नेहमी उरतो," म्हणाला,
आणि हात पुसायला वळला.

अडीच वाजता भुसावळच्या रस्त्याला लागलो, एकटाच.
पहिला, खट्.
दुसरा, खट्. दाराची कडी लागावी तसा.
तापीच्या पुलावर चौथा टाकला:
चौथा केव्हाच पडला होता
आणि हात अजून जातच होता मागे,
जिथे तो एकवीस वर्षं जात आला
तिथे आता नुसती हवा.
पुलापलीकडे गाडी थांबवून
दांड्याचा फोटो काढला. हलला.
पाठवला नाही.

सकाळी बाजाराला निघालो. मंदाकिनी शेजारी,
मांडीवर पिशवी, पिशवीत रिकामी पिशवी.
"काय फरक पडला?"
चार बोटं, मी म्हणालो. दांडा चार बोटं कमी हलतो.
"तीन हजाराची चार बोटं," ती म्हणाली.
नाक्यावर मी दुसरा टाकला.
ती थोडा वेळ दांड्याकडे बघत राहिली.
"दुसरा टाकताना
तुमचा हात माझ्या गुडघ्याला लागायचा," म्हणाली,
"आता लागत नाही."

पुढे केळीचा ट्रक होता.
रस्ता मोकळा झाला तरी
मी बराच वेळ दुसऱ्यातच राहिलो.